चार खुर्च्या

आम्ही अठरा जणी.
उंबरठाणहून रात्री दोनला पिकअप निघते,
वणीच्या चौकात उभ्यानेच अर्धा कप चहा,
आणि उजाडताना नैताळ्याच्या शिवारात
गार चिखलात पाय.
दर पौषात असंच.

यंदा वाफ्यांत पाणी सोडलेलं नव्हतं.
बांधावर यंत्र उभं, निळं,
सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून न फाडलेलं,
आणि मागे ओळीने चार खुर्च्या.
रोप उचलायचं, फिरत्या कपात सोडायचं,
बाकी सगळं यंत्र बघतं,
असं दगूनानांचा प्रणित म्हणाला.
त्याने ते मोबाईलवर शंभरदा पाहिलं होतं.
"चार जणी पुरे झाल्या की आता."

मोतीबाई आमची मुकादम.
तिनं कनवटीची सुपारी काढली, फोडली,
सावकाश तोंडात टाकली.
"पिकअपचं भाडं अठरा जणींचं दिलंय," म्हणाली.
एवढंच.

पहिल्या फेरीला मी बसले.
सव्वीस वर्षं कांदा लावला
पण लावताना शेताचं दुसरं टोक
कधी बघितलं नव्हतं.
वाकलेल्या माणसाला दोन हात जमीन दिसते,
आणि पुढचीच्या टाचा.
आता दिसलं: द्राक्षांचे मांडव, त्यांच्यावर धुकं,
लांबून एक मालगाडी,
तिचे डबे मोजत बसले
आणि सात कप रिकामे गेले.

गाणं जमेना.
पहिलं कडवं उचललं की
इंजिन मध्येच बोलायचं.

माझं माप चार बोटांचं.
विहिरीकडच्या कोपऱ्यात चोपण आहे,
तिथे तीन बोटं,
कारण तिथली निम्मी रोपं मरतात.
हे मला ठाऊक, दगूनानांना ठाऊक,
यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं.
ते चोपणातही तसंच गेलं,
वहीतल्या रेघांसारखं,
मधून मधून एखादं रोप आडवं टाकत,
एखादं टाकायचंच विसरत.

मागे वळून पाहिलं तर नांग्याच नांग्या.
प्रणित पाना घेऊन खाली वाकला.
वाकलेला तो पहिल्यांदाच दिसला मला.

बांधावरून मोतीबाई उठली.
"चौदा जणी नांग्या भरतील.
दर फेरीला चार बदलतील.
सगळ्या बसतील."
"वेळ जाईल हो मावशी."
"जाऊ दे. वेळ काय तुझ्या एकट्याचा आहे?"

तर तसं झालं.
हसतच चढायच्या, हसतच उतरायच्या.
साठीची सोमीआत्या खुर्चीत बसल्यावर
पाय कुठे ठेवायचे ते तिला कळेना,
मांडी घालून बसली.
हिशेब एकरावर ठरला, डोक्यांवर नाही,
जुन्या दराहून बराच खाली.
बारा दिवसांचं काम पाचात उरकलं.
उरलेल्या सातांचं काय करायचं
ते कुणीच बोललं नाही,
दगूनानांनी प्रत्येकीला पिशवीभर द्राक्षं दिली.

शेवटच्या रात्री शेडमध्ये
पाठ दुखत नव्हती, म्हणून झोप लागेना.
इतक्या वर्षांची सवय,
ठणका थांबेल तेव्हा डोळा मिटायचा.
उठून बसले तर मोतीबाई जागीच.

"पोरगा हुशार आहे," ती म्हणाली,
"कप दुरुस्त करून घेईल.
पुढच्या वर्षी नांग्या पडणार नाहीत."
"मग चारच."
ती गप्प राहिली. बाहेर कुणाचं तरी फवारणीचं
ब्लोअर रात्रीचंच घुमत होतं.

"पाच," म्हणाली.
"एक खुर्ची पुढे आहे. स्टेअरिंगची.
जयवंतीची पोर दहावी झालीय ना?
पाय पोचतात का तिचे, बघितलं पाहिजे."