शेवट फाटलेलं पान

पोहे संपले तेव्हा कागदावर कविता निघाली.
अर्ध्या ओळींवर तर्रीचा लाल डाग,
आणि खाली, शेवट असायला हवा तिथं
ठेलेवाल्यानं घाईत ओढून फाडलेली कड.

मेडिकलचा व्हरांडा. मे महिना. रात्रीचे साडेदहा.
भिंतीनं दिवसभर साठवलेलं ऊन
पाठ टेकली की परत मिळायचं.
आम्ही सगळे आपापल्या चटईएवढे.
आठ दिवस झाले, तरी एकमेकांना
नावानं नाही, पेशंटनं ओळखायचो:
किडनीवाले, जळीतवाली,
झाडावरून पडलेल्या पोराचा बाप.
मी पॅरालिसिस. म्हणजे माझी आई.

मोठ्यानं वाचायचं म्हणून वाचलं नाही.
झोप येत नव्हती, ओठ हलले, इतकंच.
शेजारून आवाज आला,
"काय म्हणून रायला तो कागद?
जरा जोरानं वाच ना बावा."

तर वाचलं.
कवितेत एक बाई होती.
रात्री दाराची कडी लावायला उठायची
आणि आठवायचं, कुणीतरी अजून यायचं आहे.
शेजारणीची शेळी. मळ्यातून परतणारा कंदील.
दमलेला वारासुद्धा.
एकेकाला आत घेते, कडीवर हात ठेवते,
म्हणते, आता

"मंग?"
मंग काही नाही. फाटलंय.
"असं कसं फाटलं!" रहांगडाले उठूनच बसले,
जणू मीच फाडलं.
आमगावचा माणूस. आठ दिवसांत
डॉक्टरशीही इतकं बोलला नव्हता.
"नाही लावत ते कडी. पोरगा यायचा आहे तिचा."

"लावली," जळीतवाली म्हणाली,
"दिवसभर राबल्यावर बाई किती जागंन?"
तिचं नाव सुकेशनी, हे तेव्हा कळलं.
राजनांदगावची दिलेसरीन अंधारातून बोलली,
"फइरका झन ओधाबे, दाई,"
आणि ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.
मोमीनपुऱ्याचे कय्यूमचाचा, डायलिसिसवाल्या बेगमचे,
उशाची पिशवी सारखी करत म्हणाले,
"कुंडी लगाती कैसे?
हाथ तो उसका किसीने पकड़ रखा है."

फुलकाय मडावी सगळ्यात शेवटी बोलली. गोंडीत. बराच वेळ.
हातानं दार केलं, मग ते दार
व्हरांड्याएवढं केलं.
नातवाला विचारलं, काय म्हणाली?
तो म्हणाला, "मराठीत नाही होत."

काठी आपटत सिक्युरिटीवाला डोंगरे आला,
झोपा म्हणायला.
उभा राहिला. ऐकलं.
म्हणाला, एकदा पहिल्यापासून वाचा.

मग रोजच. नव्या माणसाला
आधी कविता सांगायची, मग पाण्याचा नळ कुठं ते.
"रहांगडालेचा डबा ठेवा." "सुकेशनीची बाटली भरून आण."
किडनी, जळीत, झाड
कधी मागं पडलं, लक्षात आलं नाही.

चौदाव्या रात्री, चारच्या सुमाराला,
झाडावरून पडलेला पोरगा गेला.
त्याला जयेश म्हणायचे.
आम्ही अकरा जण गेटपर्यंत गेलो.
ड्रायव्हर गाडीचं मागचं दार लावायला लागला
तर रहांगडाले म्हणाले, "थांब जरा."
तो थांबला.
कुणीच काही बोललं नाही.
व्हरांड्यात येऊन त्या रात्री
कागद कुणी काढला नाही.

आई घरी आली, उजवा हात तिथंच ठेवून.
आम्ही पांगलो. कागद चौघड्या पडून विरला.

परवा सीताबर्डीच्या फुटपाथवर
जुन्या पुस्तकांच्या ढिगात तीच पहिली ओळ दिसली.
एकसष्टावं पान. डाग नाही. फाटलेलं नाही.
उभ्या उभ्या शेवट वाचला.
चांगला आहे. चार ओळींचा, नेटका.
कवीला बहुतेक घरी झोप लागत असावी.

चाळीस रुपये दिले.
सुकेशनीला फोन केला, ती आता कळमेश्वरला असते.
म्हटलं, आपली कविता सापडली.
"पुरी?"
पुरी.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणी पोट्टं रडलं.
"मंग सांगू नको,"
ती म्हणाली.
"फुलकायबाई काय म्हणाली होती,
ते सापडलं तर सांग."