टॉर्च इकडे धर

अजमानसमोर नांगर टाकून
आज दोनशे अकरावा दिवस.
मालकाचा फोन लागत नाही.
लागायचा तेव्हा म्हणायचा, रविवारी नक्की.
असे तीस रविवार गेले.

डिझेल संपलं, दिवे गेले.
रात्री किनाऱ्यावरचे टॉवर असे पेटलेले असतात
की हात लांब केला तर चटका बसेल.
कुणी कुणाला घरचं विचारायचं नाही,
असं न बोलता ठरलंय.

देवा, वचन तुझंही आहे आमच्याकडे.
खरं सांगू?
त्यावर सही नाही, तारीख नाही.
मालकाच्या कागदावर दोन्ही होतं.

इनास भंडारी, नंदाखालचा,
टाकीच्या तळाचं पाणी फडक्यातून गाळतो
आणि रोज संध्याकाळी मोजून चार मुठी चणे
उद्यासाठी भिजत घालतो.
उद्या गॅस पेटेल की नाही, ठाऊक नसताना.

एकदा मी खेकसलो,
"कुणाच्या भरवशावर रे?"
तो खडे निवडत राहिला.
म्हणाला, "टॉर्च जरा इकडे धर."

तेव्हापासून धरतोय.

श्रद्धाबिद्धा मला जमत नाही, देवा.
त्या माणसाला क्षमा तर नाहीच,
इतक्यात तरी नाही.
पण पहाटे झाकण काढतो
तर गंजक्या पाण्यात, काळोखात,
कुणी न बघता
चणे फुगून काठाशी आलेले असतात.

टॉर्चचे सेल उतरत आलेत.
तेवढं बघ.