लोकरीचं तेल

एल्कोत ऑक्टोबर लागला की गॅरेजचं दार
खालून वीतभर उघडं ठेवायचं,
स्पिरिटचा वास बाहेर जावा म्हणून.
आत मी, एक बल्ब, आणि आइता.
आइता म्हणजे बाप, आमच्या बास्कमध्ये.
खोक्यात आडव्यातिडव्या पडलेल्या
साठ पितळी पुंगळ्या,
एकदा उडालेल्या.

उडालेली पुंगळी फुगते,
बाळंतपणानंतरच्या पोटासारखी, असं आई म्हणायची
आणि आइता दाराकडे बघायचा.
तिला साच्यात दाबून परत मापात आणायचं.
पण कोरडी गेली तर
पितळ पोलादाला मिठी मारतं ते सुटतच नाही.
म्हणून आधी हे बोटभर:
मेंढीच्या लोकरीतून काढलेलं, स्पिरिटात विरघळवलेलं,
थिजल्या तुपाच्या रंगाचं.

किती लावायचं ते कुठे लिहिलेलं नाही.
"कमी नको," आइता म्हणतो,
"जास्त तर मुळीच नको.
खांद्यावर साचलं की तेलसुद्धा खड्डा पाडतं."
तेल आणि खड्डा! लहानपणी मी हसले होते.
मग त्यानं एक पुंगळी हातावर ठेवली,
खांद्यापाशी चेपलेली, कुणी अंगठा दाबावा तशी.
तेल दबत नाही. पितळ दबतं.

आज सतरावी अडकली.
घाई माझीच.
दांड्यावर अख्खं वजन टाकलं तर
बुडाची कड फाटून हातात आली,
बाकीची आतच.
आइता काही बोलला नाही.
साचा काढून त्यानं खिडकीत ठेवला, पुंगळीसकट,
आणि आजोबांचा काढला,
गंजाचे ठिपके पडलेला.

आजोबा, मानेश इरिबार्ने,
रूबीच्या डोंगरांत अठ्ठावीस उन्हाळे मेंढ्यांमागे.
त्यांचे हात म्हणे कडाक्याच्या थंडीतही फुटायचे नाहीत,
लोकरच रोज तेल चोळून द्यायची.
आम्ही ते अकरा डॉलरला डबीतून आणतो.
वर अ‍ॅस्पेनच्या बनात त्यांनी चाकूनं नाव कोरलंय.
झाड जाड होत गेलं तशी अक्षरंही सुटत, पसरत गेली,
आता वाचायला चार पावलं मागे सरावं लागतं.
त्याला कुठल्या साच्यात घालणार?

लावणं सोपं. काढणं हे खरं काम.
ओशट पुंगळी रायफलच्या पोटात भिंत धरत नाही,
बार होताना मागे सरते,
आणि सगळा धक्का बोल्टवर,
म्हणजे गालापासून चार बोटांवर.
ज्याच्या जिवावर साच्यातून सुटली
तेच आता अंगावर नको.
म्हणून जुन्या फ्लॅनेल शर्टाची बाही, स्पिरिटचा बोळा,
मानेपासून बुडापर्यंत, गोल, गोल,
तोंडात कापसाची काडी.

आइताची नजर गेल्या वर्षी मधूनच गेली.
कडेकडेचं दिसतं,
ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाही.
त्यामुळे तपासणी बोटांची.
मी पुसते, तो अंगठ्याखाली फिरवून
लाकडी फळीच्या भोकात उभी करतो,
बात, बी, हिरू, लाऊ,
मोजणी अजून मानेशचीच.
मध्येच एक नाकाशी नेतो,
परत माझ्या हातात देतो.
"अजून मेंढी आहे हिच्यात."

मी पुन्हा पुसते.

परवान्याच्या सोडतीत या वर्षीही नाव निघालं नाही,
त्याचं नाही, माझंही नाही.
मे महिन्यापासून पत्र फ्रिजवर आहे, लिंबाच्या चुंबकाखाली.
हरणं मात्र आमच्याच गल्लीत येतात,
शेजारच्या लोइदीबाईंची पडलेली सफरचंदं खातात,
दाराखालच्या फटीतून त्यांचे खूर दिसतात कधी कधी.
आज दिसले. मी सांगितलं नाही.
त्यानं मान जरा कलती केली
आणि पुढची पुंगळी मागितली.

"एकोणसाठ," शेवटी मी म्हणाले.
"साठ," तो म्हणाला, खिडकीच्या दिशेनं तोंड करून.

रात्री हात तीनदा धुतले.
तरी पाव कापताना
सुरी मुठीतून किंचित सरकली.