विरजण

अंबडच्या शेडवर तिघे गुंतवणूकदार आले,
पाथर्डी फाट्यावर मिसळ खाऊन.
एकाच्या पांढऱ्या शर्टावर तर्रीचा थेंब,
तो मला सगळ्या बैठकीत दिसत राहिला.

फॅक्टरी कुठाय, त्यांनी विचारलं.
मी लेपाचं यंत्र दाखवलं, हातभर रुंद,
आणि फोल्डरमधला कागद:
दावा क्रमांक एक. ‘सदर इलेक्ट्रोड’,
‘सदर लेप’, ‘सदर तापमान’.
माझी सगळी तिशी त्या ‘सदर’मध्ये बसवलेली.

फॅक्टरी नाही, म्हटलं. विरजण आहे.
शेजारीण वाटी घेऊन येते, चमचाभर नेते,
तिचं दही तिच्या भांड्यात लागतं,
माझं कमी होत नाही.
फक्त इथे दर वाटीमागे
थोडी साय परत यायची, असा करार.

हसले. मग कॅल्क्युलेटर.
सेलमागे साठ पैसे, पाच परवाने,
जमीन नाही, बॉयलर नाही, युनियन नाही...
‘नाही’ हा शब्द कुणाला इतका आवडताना
मी पहिल्यांदाच पाहिला.

वडील नाशिकरोडला छापखान्यात होते, मोजणीला.
दिवसभर कोऱ्या नोटा, आणि महिनाअखेरीस
वाण्याकडे उधारी.
पैसा हाताखालून जातो म्हणजे येतो असं नाही,
एवढंच ते शिकवून गेले.

मग तर्रीवाल्याने पेटंटवर बोट ठेवलं.
“संशोधक दोन? हे मुरलीधर गांगुर्डे कोण?”

गांगुर्डे रोलरखाली उताणा होता,
हातात अकरा नंबरचा पाना.
निफाडला पारा चारवर उतरला त्या रात्री
ड्रायर लावायला विसरला होता तो.
सकाळी लेप ओलाच, गारठलेला.
फेकू नका मॅडम, म्हणाला, वाळू तर द्या.
वाळायला तीन दिवस लागले.
नऊशे वेळा चार्ज केली तरी बॅटरी ताजी.
त्याचं विसरणं मी कागदावर असं लिहिलं:
‘कमी तापमानात नियंत्रित मंद शुष्कन’.

“आणि यांचा हिस्सा?”
निम्मा, म्हटलं.
वकिलाने पेनाला टोपण लावलं.
ते पुन्हा निघेपर्यंत
चहाच्या दोन फेऱ्या झाल्या.

ते गेल्यावर गांगुर्डे हात पुसत आला.
वीस वर्षांनी काय होतं हो पेटंटचं?
आठ गेली, म्हटलं, बारा राहिली.
मग ते कुणाचंच नाही. कुणीही करावं.

“असं होय,” म्हणाला,
आणि ड्रायर चालू आहे ना
ते दोनदा बघून आला.