उपसा

हल शहरातल्या पाणी-उपशाच्या केंद्रावर
एकतीस वर्षं मी पंप सांभाळले.
शहर ताटासारखं सपाट,
भरतीला नदी घरांपेक्षा उंच.
त्यामुळे घोट्यावर बोट दाबलं
आणि खड्डा तसाच राहिला, तेव्हा
कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.
पाणी चढत होतं.

कर्स्टी ओल्डरॉइड, हार्ट फेल्युअरची नर्स,
माझ्या धाकटीच्या वयाची,
स्क्रीनकडे बघत म्हणाली, अठ्ठावीस टक्के.
मी वाईच्या शाळेत शिकलेला, पस्तीसला पास.
म्हटलं, म्हणजे नापासच की!
ती हसली. शंभर कुणालाच मिळत नाहीत, मिस्टर बेहेरे,
साठ म्हणजे पैकीच्या पैकी.
आणि फेल्युअर म्हणजे बंद पडणं नव्हे.
मनात म्हटलं, मग नाव तरी बदला.

गोळ्या आल्या. चार तऱ्हेच्या.
एकीनं रक्ताच्या वाटा सैल होतात,
सकाळी पलंगाच्या कडेवर दोन मिनिटं बसायचं,
नाहीतर भिंती झुकतात.
दुसरी हृदयाला सांगते, हळू.
हे मला पटेना. दमलेल्या पंपाला आणखी मंद करायचं?
मग आठवलं, एका पावसाळी रात्री
तीन नंबरचा पंप आम्ही पूर्ण वेगात पळवला
आणि पहाटे बेअरिंग जळालं.

तिसरी साखरेची. मला साखर नाही.
प्रमिलेनं फार्मसीत तीनदा फोन केला,
दुसऱ्या कुणाची चुकून आली का म्हणून.
नाही. साखरेसाठी काढलेली,
हृदयालाही लागू पडली.

चौथीनं छाती दुखू लागली. आतली नव्हे,
वरची, बायकांसारखी, शर्ट घासला तरी.
तीन आठवडे मी कुणाला बोललो नाही.
बोललो तेव्हा कर्स्टीनं मान वर न करता
दुसरं नाव लिहिलं. होतं पुष्कळांना, म्हणाली.
एवढ्यावर संपलं.

शिवाय पाण्याची गोळी.
ती घेतली की नऊ ते अकरा बस नाही, बाजार नाही,
मर्तिकाला गेलो तरी
आधी संडासचं दार कुठे ते बघून ठेवायचं.

मीठ गेलं. लिंबाच्या लोणच्याची बरणी
शेजारच्या ब्रायनला दिली.
तो ते टोस्टवर फासून खातो
आणि खिडकीतून मला अंगठा दाखवतो.
त्याच्या भाषेत ती शाबासकी आहे.

रोज लघवीनंतर, चहाआधी, बनियनवर, वजन.
तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन.
वही केंद्रातलीच, पाण्याच्या पातळीची,
निवृत्तीच्या दिवशी एक कोरी उचलून आणलेली.
रकाने तेच: तारीख, वेळ, पातळी, शेरा.

शेरा बहुधा रिकामा.
एकदा: जिना चढलो, मध्ये थांबलो नाही.
एकदा: दोन उशांवर झोपलो, पूर्वी चार लागत.
एकदा प्रमिलेच्या अक्षरात:
रात्रभर ह्यांचा श्वास ऐकत होते. ठीक आहे.
मी ते वाचलंय, हे तिला माहीत नाही.

काल पुन्हा छातीवर गार जेल, पुन्हा ते यंत्र.
चौतीस.
एका मार्कानं गेलो, मी म्हटलं.
कर्स्टीला ग्रेस मार्क समजवण्यात पाच मिनिटं गेली.
समजल्यावर तिनं
दुसऱ्या गोळीचा डोस थोडा वाढवला.

परतताना नदी पुलाखाली काठोकाठ होती.
सवयीनं घड्याळ बघितलं. ओहोटीला दोन तास.
घरी आलो, मोजा काढला, बोट दाबलं.
खड्डा पडला.
एक. दोन.
तीनला भरला.