येतो मी

संत्र्याची दोन क्रेटं, एकावर एक उपडं,
मधे नायलॉनची सुतळी, एक बाजू करवतीनं कापलेली.
हे रोडग्याचं घर.
स्टँडमागच्या राखेत सापडला,
तसाच गोल, तसाच करपट ठिपक्यांचा, म्हणून रोडगा.
पहिल्या दिवशी नाक आत घातलं, शिंकला
आणि थेट चुलीमागं.
संत्र्याचा वास कुत्र्याला सोसत नाही
हे वरूडात जन्म काढून मला माहीत नव्हतं.
राखेनं घासलं, कढत पाणी ओतलं,
तीन दिवस उन्हात ठेवलं.
आत माझा जुना खाकी सदरा, न धुतलेला.

गुंफाबाई कुंपणावरून म्हणाली,
"कुत्र्याले कोणी खोक्यात ठेवते काय वं?
बांध निंबाले. रडन दोन दिस, मंग आपसूक गप होते."
गप होतं, खरंय.
गप होणं आणि निवणं यांत फरक असतो,
पण तो कुंपणावरून सांगता येत नाही.

पहाटे पावणेसहाची गाडी, वरूड–अमरावती.
खाकी अंगात गेली की त्याचे कान पडतात,
तिकिटाच्या मशीनची चेन वाजली की कुंईकुंई,
आणि कडी लावली की
असा आवाज, की एवढ्याशा पोटात तो मावला कुठं.

मग सुट्टीच्या दिवशी खाकी घालते
आणि कुठंच जात नाही.
बॅग खांद्याला अडकवून तुरीच्या शेंगा सोलते.
बिल्ला लावून भाकरी थापते.
कडी वाजवते, उघडते, वाजवते, उघडते.
गुंफाबाईनं सुनेला बोलावून दाखवलं.

खोक्यात भाकरीचा तुकडा, दार उघडं.
मग दार लोटलेलं, मी समोर.
मग मी न्हाणीपाशी. मग अंगणात.
दहा आकडे मोजायचे, मग तीस,
मग मोर्शीपर्यंतचे सगळे थांबे मनात म्हणायचे.
रडत असताना आत जायचं नाही.
श्वास घ्यायला थांबला की त्या फटीतून शिरायचं.
ती फट कधी कधी फार अरुंद असते.

चोरून निघायचं नाही.
"येतो मी," म्हणायचं.
आमच्याकडं बायाही येतोच म्हणतात,
आणि निघताना जातो कोणीच म्हणत नाही.
त्याला एवढा एकच शब्द कळतो.

आठव्या दिवशी दोन तास झोपला.
नवव्या दिवशी मला मुक्कामी गाडी लागली.
सकाळी आले तर सदऱ्याची बटणं गायब,
सुतळी तुटलेली,
आणि गुंफाबाई उंबऱ्यावर, त्याला मांडीवर घेऊन,
डोळे तांबारलेले, दोघांचेही.
"काय करू बाप्पा, जीवच राहेना," म्हणाली.
पुन्हा दहा आकड्यांपासून.

मंगळवारी मोर्शीच्या स्टँडवर
एका बापानं पोरीला खिडकीशी बसवलं,
मांडीवर पत्र्याची पेटी, पेटीला नवं कुलूप.
"बिस्किटाचा पुडा आणतो," म्हणाला, उतरला
आणि गाडीच्या मागून चालू लागला.
ड्रायव्हर तायडे आरशातून बघतोय, डबल कधी देते.
मी दोरी हातात धरून उभी.
बिस्किटं आणायला गेलेला माणूस मला ठाऊक आहे.
उतरले. हाक मारली,
"दादा, तिले सांगून जा."
आला. खिडकीखाली उभा राहिला.
काही सुचेना त्याला. मग मान वर करून,
"येतो मी. रविवारी."
पोरगी रडली, चांगलीच.
चार मिनिटं उशीर. कारणाच्या रकान्यात
प्रवासी चढत होते, असं लिहिलं.

संध्याकाळी कडी काढली.
आल्या आल्या लाड करायचे नाहीत, हा नियम
कुत्र्यापेक्षा माणसाला अवघड.
तो लगेच आला नाही.
आधी पुढचे पाय ताणले, मग मागचे,
जांभई दिली, सबंध गुलाबी.
मी बूट काढले.
माठातलं पाणी प्यायले, बसून, सावकाश.
मग.