पडायला मऊ

मालिमच्या धक्क्यावर आमचा बर्फाचा कारखाना.
तीस वर्षं मी लाद्या मोजतोय,
मिठाच्या पाण्यातून वर काढलेल्या,
आरपार काच, मधोमध एक पांढरी शीर.
आणि लेक म्हणते,
बाबा, तुम्हाला बर्फातलं काही कळत नाही.

जेवणानंतर गौतमीनं टेबलावर तीन कागद मांडले
मासळीच्या वाट्यांसारखे.
गुलमर्ग. सोलंग. औली.
आश्वेच्या ओल्या वाळूवर फळी सरकवत वाढलेली पोर,
आता तिला उतार हवाय, डोंगराएवढा.
मी विचारलं, भाव काय?

गुलमर्गला पाळणा थेट ढगात जातो,
पण वरचा उतार कच्च्या माणसाचा नाही.
सोलंगला उतार लहान, गर्दी मोठी,
भाड्याचे बूट आणि मॅगी.
औलीला समोर नंदादेवी,
पण खालच्या गावातल्या भिंतींना तडे गेलेत.
तिचं बोट तिथं जरा जास्त वेळ थांबलं.

बायकोची चिंता वेगळीच:
तिथं खोबरेल बाटलीतून निघेल ना?
तिनं कपाट उघडलं.
तिघांत मिळून एकच स्वेटर,
महाबळेश्वरला घेतलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा.

आणि तारखा.
तिकडे हिम पडतं तेव्हा इकडे माझा हंगाम.
जानेवारीत ट्रॉलर रात्री अडीचला लागतात,
बोस्त्यांव खालूनच ओरडतो, तीनशे लाद्या!
जून-जुलैत मासेमारी बंद,
धक्का रिकामा, यंत्र गार, मी मोकळा,
आणि त्या डोंगरांवर नुसतं गवत.
जुलैत बर्फ न्यूझीलंडला असतो, गौतमी म्हणाली.
मग आम्ही तिघंही थोडा वेळ
पंख्याकडे बघत राहिलो.

क्रशरवर कुंवरसिंग असतो,
औलीखालच्याच गावचा.
अकरा वर्षं धक्क्यावर, अजून मासा खात नाही.
विचारलं त्याला, कुठं जावं?
लादी ढकलत म्हणाला,
शेठ, आमच्याकडे बर्फ छपरावरून फावड्यानं ओढतात,
नाहीतर छप्पर बसतं.
इथंही फावडंच.
फक्त तिथं पगार नव्हता.
आणि घर?
आईच्या खोलीच्या भिंतीत हात जाईल एवढी फट आहे.
ती आता त्यात कंगवा ठेवते.

पहाटे तीनला गौतमी फळी घेऊन खाली आली.
चुऱ्याचा ढीग माझ्या छातीएवढा,
डिझेलचा धूर, बांगड्यांचा वास.
कुंवरसिंगनं न बोलता उतार काढला,
फावड्याच्या पाठीनं थापटला.
गुडघे वाकव, म्हणाला, मागं रेलू नकोस,
आम्ही पत्र्यावर बसून घसरायचो.

चार हात गेली.
आणि आडवी.
ट्रॉलरवरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.
कोपर खरचटलं, कारण आमचा बर्फ खडीसारखा,
माशाला गार ठेवतो, माणसाला झेलत नाही.
पाठ भिजलेली, तिथंच बसून तिनं विचारलं,
तिकडे पडलं की कसं लागतं?
कुंवरसिंग दाखवायला काहीतरी शोधू लागला.
हाताशी चुरा होता, सूत होतं, थर्माकोल होता.
यातलं काहीच नाही, म्हणाला.
आवाजसुद्धा होत नाही.

सकाळी मी दोन कागद परत दिले.
फेब्रुवारीतले आठ दिवस ठरले.
बोस्त्यांवला सांगितलं, तेवढे दिवस बर्फ बेतूलहून आण.
आनी हांवें कितें करचें? म्हणत
तो टोपी आपटून निघून गेला.

तिकिटं चार काढलीत.
चौथं कुणाचं, हे अजून क्रशरपर्यंत पोचलेलं नाही.
आधी ते आठ दिवस क्रशर कोण चालवणार,
हे ठरायचंय.